भिजवल्याशिवाय कात्री नाही

धाकटी : अगं ताई, औषध तुला लागू पडायचं नाही असं डॉक्टर स्वतःच सांगताहेत. मग सरळ ऑपरेशन करून मोकळी हो ना!

थोरली : ‘पडायचं नाही’ असं कुठे म्हणाले? काय हो डॉक्टर, म्हणालात?

डॉक्टर : ‘बहुतेक पडणार नाही’ म्हणालो. तुमच्या पोटातल्या गाठीचा तुकडा काढला होता ना, त्यावरून कॉम्प्युटरने अंदाज दिलाय. तुमच्यासारख्या शंभरजणांना केमो दिली, तर जेमतेम तीसजणांची गाठ आटते.

थोरली : आणि आटली तर?

डॉक्टर : तर ऑपरेशनमध्ये स्वच्छ निघण्याची शक्यता जास्त. आत्ताच कापलं तर कडेला थोडी राहून जायची भीती आहे. पण केमो लागू पडली नाही, तर मधले आठवडे फुकट गेले.

थोरली : तो तुकडा भिजवलात का?

डॉक्टर : म्हणजे?

धाकटी : हिचं शिवणाचं दुकान आहे, डॉक्टर. आता ऐका!

थोरली : औषधात बुडवून पाहिलात का, विचारते.

डॉक्टर : नाही. काचेखाली ठेवून आधीच्या पेशंटांच्या तुकड्यांशी ताडून पाहिला.

थोरली : म्हणजे नुसता बघितलात. कापड बघून मीही सांगते, आटेल की नाही. बहुतेकदा बरोबरच येतं. तरी भिजवल्याशिवाय कात्री लावत नाही. तुमच्या कोटाच्या बाह्या बघा कुठवर चढल्यात! शिवणाऱ्यानं नुसतं बघूनच सांगितलं असणार.

डॉक्टर : (बाही खाली ओढत) पहिल्याच धुण्यात आटला. पण ताई, कापड भिजत पडलं म्हणून वाढत नाही. गाठ वाढते.

धाकटी : बोल आता.

थोरली : वाढते, ठाऊक आहे. घास अडतो तो माझाच. म्हणून म्हणते, मला भिजत घालून विसरू नका. दोन डोस द्या, मग दुर्बीण घालून बघा. आटली नसेल तर कापा, मी हूं की चूं करणार नाही. पण बघण्याआधीच मला त्या सत्तरांत ढकलायचं नाही.

डॉक्टर : लगेच नाही कापता येणार. अंग सावरायला वेळ द्यावा लागेल, तोही धोकाच. आणि या औषधानं बोटं बधिर होतात. सुई हातात ठरणार नाही कदाचित.

थोरली : ...सुई?

डॉक्टर : हो.

थोरली : मग ही धरेल. इतकी वर्षं नुसती बटणं लावत बसलीय, आता शिकेल.

धाकटी : ताई!

थोरली : डोळे पूस आधी. डॉक्टर, लिहा. पहिला डोस कधी?

डॉक्टर : सोमवारी या. दोन डोसनंतर दुर्बीण, मी शब्द देतो.

धाकटी : रोज पहाटे देवापुढे बसते मी, पण एक मागणं पुरं होईल तर शपथ.

थोरली : काय मागतेस?

धाकटी : तू एकदा तरी माझं ऐकावंस.

थोरली : ते त्याच्याच्यानं व्हायचं नाही. उद्यापासून गाठीचं माग. सोपं पडेल त्याला.