झाकलेलं ताट

हॅलो?... हां शलाका, बोल... अगं, हळू बोलतेय कारण ओवी आत्ताच झोपलीय. चार वर्षांची घोडी झाली, तरी दुपारी थोपटून लागतं... नाही, बाबासाहेबही पडलेत त्यांच्या खोलीत. सांग.

हो, झालं ना. सकाळी अकरालाच. बाबांच्या काउन्सेलिंगचं तिसरं सेशन... कसं झालं म्हणजे... अगं थांब, आधी श्वास घे. हैदराबादला बसून अशी धापा टाकतेयस, जशी काही तुझीच परीक्षा होती.

फॉर्म? आहे. छाणीच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आहे तिथेच आहे, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. भरलेला, फोटो चिकटवलेला... उद्याच द्यायचाय, माहितेय मला... अगं ऐक ना! बाबा राहणार की जाणार, तेच सांगतेय. पण मला माझ्या चालीनं सांगू दे. कॉलेजात फतेगंजच्या टपरीवर तू एकेक गोष्ट अर्धा अर्धा तास सांगायचीस, ती मी मुकाट ऐकलीय. वर तुझ्या भावाशी, समरजितशी, लग्नही केलंय.

हं. तर मंदाकिनी मॅडम आल्या स्क्रीनवर. आणि तुझे बाबा उठून उभे राहिले... हो, आजही! आणि लॅपटॉपसमोर चहाचा कप आणि लिल्या चिवड्याची बशी. समरजितला ठेवायला लावली. म्हणे, पाहुणीसमोर रिकामं टेबल बरं दिसत नाही. त्या बिचाऱ्या बसल्यात साताऱ्यात!... हसल्या गं. गोड आहेत. बरं झालं तू ऑनलाइनचं शोधलंस. इथं बडोद्यात कुणाकडे गेलो असतो, तर जिन्यातच कुणीतरी 'केम छो सुभानराव, अहीं क्यांथी?' म्हणत इकडे कुठे विचारलं असतं आणि बाबासाहेब आल्या पावली परत.

समरजित?... नाही, त्याला मॅडमनी बाहेर घालवलं. म्हणाल्या, आज फक्त सासरे आणि सून.

अगं हो, दोघंच! मी डोक्यावर ओढणी घेऊन खुर्चीच्या टोकावर... हसू नकोस. दोन हजार तेरा साल आहे, मी स्कूटी चालवत अकोट्याहून सगळ्या गावभर फिरते. पण त्यांच्यासमोर... सात वर्षं झाली लग्नाला, आम्ही एकमेकांशी एक वाक्य सरळ बोललेलो नाही. तुमच्याच घरची रीत ना? 'सूनबाईंना विचारा, दूध आलं का.' मी समोर उभी! आणि मी सांगायचं आईसाहेबांना. त्या होत्या तोवर काही अडलं नाही. आठ महिन्यांपूर्वी त्या गेल्या, तशी ती नोकरी ओवीला लागली. 'ओवी, मम्मीला सांग...'

हो, हो, येतेय जेवणावर. मॅडमनी तेच विचारलं. म्हणाल्या, सुभानराव, आठ महिने झाले, तुम्ही रात्री जेवत का नाही?

शलाका, त्यांनी आधी ती चिवड्याची बशी सरळ केली. मग स्क्रीनकडे बघून म्हणाले, 'मॅडम, सूनबाईंना सांगा, माझी तक्रार नाही. पण रोज रात्री टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. झाकलेलं ताट उशिरा येणाऱ्याचं असतं. मी तर घरातच असतो.'

... हॅलो? आहेस ना?... हं.

मीही स्क्रीनलाच म्हटलं, मॅडम, त्यांना सांगा, मी हाक कशी मारणार? हाक आईसाहेब मारायच्या. मी मारली तर आगाऊपणा. म्हणून रोज ओवीला पाठवते, आजोबांना भूक आहे का विचार. ती येऊन सांगते, नाही म्हणाले. मी समजले, माझ्या हातचं उतरत नाही त्यांच्या घशाखाली. तरी ताट ठेवते, निदान उठून खातील.

तर म्हणाले, 'त्यांना सांगा, घरच्या माणसाला भूक आहे का असं कुणी विचारत नाही. ते पाहुण्याला विचारतात. मी म्हटलं, चला, आपण पाहुणे झालो. मग पाहुण्यानं किती दिवस राहायचं?'

... म्हणून तो फॉर्म, शलाका. त्यासाठी. मी मान राखतेय म्हणून गप्प, आणि ते मान राखतायत म्हणून उपाशी.

मॅडम काय म्हणाल्या?... अगं, मॅडम कुठं होत्या! नेट गेलेलं. हात असा वर, तोंड अर्धवट उघडं, तशाच थिजलेल्या... मला दिसलं होतं ना. लगेच दिसलं. पण ते बोलत होते गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलत होते. त्यांना सांगायचं, की थांबा, कुणी ऐकत नाहीये? मीही त्या थिजलेल्या बाईलाच सांगत राहिले. दहा मिनिटं तरी.

मग ओवी आली आत. स्क्रीन बघून ओरडली, मॅडम स्टॅच्यू झाल्या!

... काही नाही. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, ओवीकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत, पण मला हं, मलाच, म्हणाले, 'सूनबाई, भूक लागलीय. वाढता का?'

अगं साडेअकरा वाजले होते! कुकरसुद्धा लावला नव्हता. तवा ठेवला आणि तव्यावरच्या पोळ्या वाढल्या. स्वयंपाकघरात बसले, ओवीच्या त्या बुटक्या खुर्चीवर. चार खाल्ल्या. रात्रीच्या आमटीत मीठ कमी होतं. तेही सांगितलं. मला. सरळ!

... रडू नकोस. मी नाही रडले, पोळी करपली असती.

हो, विचारलं ना. मीच विचारलं. म्हटलं, उद्या फॉर्म द्यायचा का? आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, 'उद्या रात्री काय करणार आहात?' म्हटलं, वांग्याचं भरीत. म्हणाले, 'मग उद्या कसं जमेल.'

... नाही, फाडला नाही. सिनेमा आहे का? राहू दे म्हणाले. राहू दे तर राहू दे.

काय?... काय विचारू?... तुझ्यावर अजून रागावलेत का, हे मी विचारू? नाही हं, शलाका. न विचारता सेशन बुक केलंस, ते म्हणाले मुलीनं मला वेड्यात काढलं, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून बाबा जेवले का, बाबांनी गोळी घेतली का, सगळं मला विचारतेस. आईसाहेब होत्या तोवर त्यांना विचारायचीस... भीती वाटते म्हणजे? मला नव्हती वाटत?... मी नाही मध्ये पडणार. आज सकाळपासून मी ते काम सोडलंय.

थांब, उठले वाटतं... बाबासाहेब! शलाकाचा फोन आहे... हो, हैदराबादहून... अहो, ती कशाला रागावेल? तिला वाटतंय तुम्ही रागावलात... शलाका, देते गं त्यांना... अगं नको काय? समोर उभे आहेत, हात पुढे केलाय त्यांनी... शलाका? हॅलो? हॅलो?...

बंद झाला, बाबासाहेब... लाइनला काही झालं नाही, तिनंच ठेवला. घाबरली... नाही, आत नका जाऊ. बसा ना इथं. हा घ्या रिसीव्हर... मी नाही, तुम्हीच लावा. नंबर मी सांगते. शून्य दाबा आधी... दाबलंत? आता नऊ... आठ...

... वाजतेय का रिंग?... मग मी जाऊ आत?

बरं. बसते.