गॅलरीखालचा थांबा

(जुन्या इमारती दाखवणारी पायी फेरी. एका दुमजली घराच्या गॅलरीखाली गाइड आणि एक वयस्क बाई. बाकीची मंडळी पुढे घड्याळाच्या मनोऱ्याकडे निघाली आहेत.)

काकू: संपलं एवढ्यात? मी अजून चष्माच पुसत होते.

गाइड: संपलं. मागच्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत, अगदी तसंच सांगितलं. कठडा कुजला होता, मुलगी पडली. व्हायोलिनवाल्याचं नावसुद्धा काढलं नाही.

काकू: ऐकलं ना, सगळ्यांच्या मागे उभी होते. आधी इथे किती वेळ थांबायचास रे?

गाइड: बराच. ती त्या व्हायोलिनवाल्याच्या प्रेमापायी उडी मारते म्हटलं की बायका डोळे पुसायच्या, सगळे फोटो काढायचे. आधीच्या गाइडने दिली तशी गोष्ट मी पुढे चालवली, काकू. ती तुमची बहीण, हे मला कुठून कळणार?

काकू: तुझ्यावर राग नाही. पण आमच्याकडे व्हायोलिन कुठलं, साधा रेडिओ नव्हता. आणि ताईला सुरांचं वावडंच. त्या दिवशी आम्ही दोघी ओली चादर पिळत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मला म्हणाली, ‘जोर लाव की, जेवली नाहीस का?’ आणि हसत मागे रेलली. चादर तेवढी माझ्या हातात राहिली.

गाइड: हे सांगू का लोकांना? चादरीचं?

काकू: नको. ते घरातलं आहे, घरातच राहू दे.

गाइड: मग आज बिनसलं कुठे?

काकू: तू कठड्याचं बोलत होतास आणि तो टोपीवाला विचारत होता, चहा कुठे मिळेल. एकानेही मान वर केली नाही.

गाइड: खरं सांगू? ऑफिसवाले म्हणतायत, हा थांबा आता काढूनच टाका. इथे दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

काकू: म्हणजे नुसतं खालून चालत जायचं?

गाइड: हो.

काकू: आई जाईपर्यंत म्हणायची, माझ्या पोरीची कुणाला आठवण नाही. मला वाटलं, निदान तिच्यावरचा तो खोटा डाग तरी पुसावा. तर तीच पुसली गेली.

गाइड: तुम्ही म्हणाल तसं करतो.

काकू: तो व्हायोलिनवाला परत आण.

गाइड: अहो, पण खोटं आहे ते. मागच्या आठवड्यात तुम्हीच इथे उभ्या राहून रडलात.

काकू: लोक वर तरी बघत होते रे.

गाइड: आणि तुम्हाला ऐकवेल ते?

काकू: बाकीच्या बायका डोळे पुसतात ना, त्यात माझंही खपून जाईल.