दुसरा गिअर

(ला त्रिनिदाद, डोंगरातलं गाव. भाजीबाजारामागे फर्मिन मेस्त्रीचं गॅरेज. अंगणात दरीतून ओढून काढलेला, चेंबलेला कोबीचा ट्रक. ट्रकचा मालक म्हातारा अलिपिओ आणि त्याची विधवा सून जोविता उभी आहेत. फर्मिन जमिनीवर मांडी घालून गिअरबॉक्स उघडतो आहे. इथं थोरल्या भावाला मानोंग, बापाला तातांग आणि धाकट्या बहिणीला आदिंग म्हणतात.)

जोविता : राहू द्या ना, मानोंग. भंगारवाला उद्या येतोच आहे. घेऊन जाऊ दे सगळंच.

अलिपिओ : तू थांबू नकोस, फर्मिन. उघड.

जोविता : काय सापडणार आहे त्यात, तातांग? माझा भाऊ सापडणार आहे?

अलिपिओ : माझा मुलगा झोपला नव्हता, एवढं सापडलं तरी बास. बाजारात गेलो की कोबी उतरवणारी पोरंसुद्धा बोलायची थांबतात. म्हाताऱ्याचा रूडेल चाकावर पेंगला, मेव्हण्याला घेऊन दरीत गेला. मी काय बहिरा आहे?

जोविता : लोक कुठं म्हणाले? तो म्हणाला. इस्पितळात, स्वतःच्या तोंडानं. ‘मला डुलकी लागली, जोविता.’ तुम्ही होतात की तिथं.

अलिपिओ : तापात होता. तापात माणूस काहीही बरळतं.

जोविता : ताप नव्हता. मी हात लावून बघितला होता.

अलिपिओ : अगं, मिसरूड फुटायच्या आधीपासून हा रस्ता त्यानं माझ्या शेजारी बसून पाठ केलाय! धुक्यात नुसत्या वासावरून सांगायचा, आता गाजराची शेतं, आता कोबीची. तो झोपेल?

फर्मिन : अहो, भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा. हे बोल्ट आधीच माझा जीव खातायत. हां... आला. आला बघा. आदिंग, ती बॅटरी धर गं जरा. इकडे, तेलावर. काय दिसतं?

जोविता : चमचमतंय काहीतरी. खाणवाले पाटीत सोनं धुतात ना, तसं.

फर्मिन : पितळ आहे ते. पितळेचा भुगा. थांब, ही बाहेर काढतो... ही बघ कडी. गिअर बदलताना आत दोन चाकं असतात, एक जोरात फिरतं, एक हळू. ही कडी मध्ये पडते, आधी दोघांना घासून एका चालीवर आणते. मग गिअर बसतो. म्हणून आतून बारीक चरे असतात हिला. फिरव बोट.

जोविता : चरे नाहीत. गुळगुळीत आहे.

फर्मिन : हीच दुसऱ्या गिअरची.

अलिपिओ : म्हणजे?

फर्मिन : म्हणजे अटोकच्या उतारावर त्यानं तिसरा काढला, दुसरा घालायला गेला आणि तो पडलाच नाही. परत तिसराही घेईना. वर कोबीचं ओझं, गाडी मोकळी सुटलेली. मग राहिला फक्त ब्रेक. ब्रेकचे ड्रम मी सकाळीच बघितलेत, तातांग. तापून निळे पडलेत. झोपलेला माणूस ब्रेक जाळत नाही.

अलिपिओ : ऐकलंस? जोविता, ऐकलंस का काय म्हणाला तो? जागा होता! शेवटपर्यंत लढत होता माझा पोरगा! मी सांगत होतो. डुक्कर कापतो आता, सगळ्या गावाला जेवायला बोलावतो नि पंगतीत उभा राहून सांगतो. तुझ्या आईला पहिल्या पाटावर बसवतो. तिनं माझ्या रूडेलच्या मयताला पाय ठेवला नाही ना? तिला तर आधी सांगतो.

जोविता : मग तो खोटं का बोलला?

अलिपिओ : काय?

जोविता : जागा होता ना? मग मला झोपलो म्हणून का सांगितलं?

फर्मिन : एक मिनिट. मला वेगळंच कळत नाहीये. या कड्या मीच बसवल्या होत्या, स्ट्रॉबेरीच्या हंगामात. कोऱ्या. इतक्यात अशा झिजायच्या नाहीत. नंतर तेल कुणी बदललं?

अलिपिओ : मी. माझ्या हातानं. आणि सुटं, कुणाच्या पिंपातलं नाही हां. बाग्यिओहून सीलबंद डबा आणला.

फर्मिन : कुठलं?

अलिपिओ : पाचचं. डब्यावरचा आकडा पाच. दुकानात चारचंही होतं नि पाचचंही. माझ्या मुलाच्या गाडीत मी चारचं कशाला घालू? पाचचं घेतलं. मधासारखं दाट. बोटाला लावलं तर सुटत नव्हतं... काय झालं? फर्मिन?

फर्मिन : काही नाही.

अलिपिओ : तोंड का उतरलं तुझं?

फर्मिन : काही नाही म्हटलं ना. दरीतल्या ओढ्यात पडला होता ट्रक, पाणी शिरलं असेल. पाण्यानंही होतं असं. आदिंग, त्या भंगारवाल्याला आजच बोलाव.

अलिपिओ : फर्मिन, तुझ्या बापाला मी गाडी शिकवली. तो खोटं बोलायला लागला की असाच नाक पुसायचा.

फर्मिन : तातांग, नका विचारू.

अलिपिओ : विचारतोय.

फर्मिन : पाचचं तेल मागच्या चाकांच्या धुऱ्याचं. तिथं पोलादावर पोलाद रगडतं, म्हणून त्यात गंधकाचं जहाल औषध असतं. ते पोलाद राखतं, पण पितळ खातं. वास घ्या, नासक्या अंड्यासारखा येतो. शिवाय कडीला जी पकड लागते, तीच हे तेल घेऊ देत नाही. गिअरबॉक्सला चारचं. चार हलकं नि पाच भारी, असं नसतं ते. दोन वेगळी तेलं आहेत.

अलिपिओ : असं कसं? मी चालवून बघितली ना गाडी! रूडेल कुरकुरला, दुसरा करकरतो म्हणाला, तर मी स्वतः बाग्यिओला जाऊन आलो. लोण्यात सुरी जावी तसा पडत होता दुसरा.

फर्मिन : तुम्ही क्लच दोनदा मारता.

अलिपिओ : मग? ड्रायव्हर आहे मी.

फर्मिन : तुमच्या वेळच्या गाड्यांना या कड्याच नव्हत्या. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून रेस द्यायची, परत दाबायचा. तुमचा पाय आपणहून करतो ते, तुम्हाला कळतही नाही. तुम्हाला कड्या असल्या काय नि नसल्या काय. तो याच ट्रकवर शिकला, तातांग. कड्यांवर.

अलिपिओ : मी त्याला म्हणालो होतो...

जोविता : नाचता येईना, अंगण वाकडं.

अलिपिओ : हो.

जोविता : भात वाढत होते मी. माझा भाऊ जेर्सनही होता. इतका हसला की त्याला ठसका लागला. रूडेल म्हणाला, तेल काढून टाकतो, एकदा फर्मिनला दाखवतो. तुम्ही ताट सरकवलंत. म्हणालात, बापानं घातलेलं तेल काढणार तू?

अलिपिओ : हो. म्हणालो.

जोविता : मग नाही काढलं त्यानं.

फर्मिन : बस, आदिंग. त्या टायरवर बस जरा.

जोविता : इस्पितळात मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. मला वाटलं, लाज वाटते, म्हणून नजर चुकवतोय. मागं तुम्ही उभे होतात, तातांग.

अलिपिओ : तेलामुळं झालं, हे त्याला कळलं होतं?

फर्मिन : दुसरा पडला नाही, तेव्हाच कळलं असणार.

अलिपिओ : आणि मी इथं येऊन... मीच म्हणालो, उघड... फर्मिन, ती कडी दे इकडे.

फर्मिन : घ्या.

अलिपिओ : पोलिसांकडे जातो. नाही, आधी तुझ्या आईकडे. तिच्या दारात जाऊन बसतो. कोयता घेऊन आली तरी हलणार नाही.

जोविता : जा.

अलिपिओ : एवढंच? दोघं खाल्ले मी तुझे. एक शिवी तरी दे, पोरी. घाल शिव्या मला.

जोविता : माझ्याकडे उरल्या नाहीत, तातांग. होत्या तेवढ्या त्याला दिल्या. उशाशी बसून, तो जाईपर्यंत. प्रत्येक शिवीला तो नुसता ‘हो’ म्हणत होता.