नळीतला बोळा

दौंड पोलीस ठाणे, ता. १४ मार्च १९६१

नथानिएल योसेफ साळवे, वय ४१ वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, मूळ राहणार शिरूर, हल्ली वरवंड, ता. दौंड. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरवंड येथे हमरस्त्याच्या कडेला माझे दुकान आहे. जागा ग्रामपंचायतीची आहे. सोसायटीचे चेअरमन हौसराव आप्पा यांची लष्करी लिलावातली जुनी मोटारसायकल मीच दुरुस्त करतो. तिच्या इंजिनाला ब्रीदर नावाची बोटाएवढी नळी आहे. इंजिनात कोंडलेला वारा तिच्यातून बाहेर पडतो व त्याबरोबर थोडे तेल येते. इंजिन म्हातारे, म्हणून तेल जास्त. ते आप्पांच्या धोतराला लागे. आप्पांना बाकी सगळे चालते, धोतराला डाग चालत नाही.

म्हणून मी नळीला रबरी पाइप जोडून तो एका काचेच्या बाटलीत सोडला व बाटली मागे तारेने बांधली. वारा जाण्यास बुचाला भोक ठेवले. आठवड्याने बाटली ओतून टाकायची, एवढेच काम होते. चार महिने धोतर स्वच्छ राहिले. बाटली दवाखान्यातल्या औषधाची होती, पण दारूबंदीच्या दिवसांत बाजारात कोणी तरी थट्टा केली. आप्पा तसेच दुकानावर येऊन म्हणाले, "बाटली काढ. लोकं म्हंत्यात, चेरमन बाटली बांधून हिंडतोय." मी बाटली काढली आणि पाइप लांब करून नंबरप्लेटच्या मागे सोडला. त्याने मडगार्ड काळे होते अशी त्यांची तक्रार आली.

शनिवार ता. ११ रोजी ते चाकात हवा भरून घेण्यास आले. पाइप नव्हता. नळीत चिंधीचा बोळा ठोकून बसवला होता. चिंधी त्यांच्याच जुन्या धोतराची, तांबड्या काठाची. मी पाना घेऊन खाली बसलो व म्हणालो, "आप्पा, ह्यो आत्ताच काढू द्या. वारा कोंडला का तेल सांध्यातनं फुटतं, आन् मागल्या चाकावर येतं." त्यांनी सांगितले की, उद्या भांडगावला गोदामाचे उद्घाटन आहे, धोतर नवे आहे, सोमवारी काय ते कर. मग माझ्या जागेची मुदत वाढवण्याचा ठराव ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत असल्याची आठवण करून दिली. मी हवा भरली.

रविवारी माझे दुकान बंद असते. सकाळी अकराच्या सुमारास भांडगावच्या अलीकडे गाडी घसरल्याचे कळले, म्हणून गेलो. मागचे चाक तेलाने माखले होते. बोळा नळीत जागच्या जागी होता, तो मी काढून खिशात ठेवला. मागे बसलेला सोसायटीचा शिपाई मच्छिंद्र, वय २६, याचा उजवा पाय गाडीखाली चिरडला होता. आप्पांना खरचटले होते. ते धोतर झटकत होते. काल पुण्यास मच्छिंद्रचा पाय गुडघ्याखाली कापला, असे त्याची बायको सरूबाई हिने मला सांगितले.

रविवारी संध्याकाळी आप्पा माझ्या घरी आले. मच्छिंद्रचे नाव काढले नाही. बोळा मागितला. म्हणाले, "तू म्हण, म्याच बसवला व्हता, काढायचा इसरलो. ठरावाचं मी बघतो." माझ्या घरचे पाणी ते आजवर प्याले नव्हते. त्या दिवशी चहा मागून घेतला आणि कप भुईवर ठेवून गेले. मला त्या कपाची शिसारी आली. माझी पत्नी राहेल तो घासायला उचलत होती, मी तो घेऊन उकिरड्यावर टाकला.

बोळा हजर करीत आहे. तांबडा काठ अजून दिसतो.

शनिवारची हकीगत लिहू नये, ती तुझ्यावरही येईल, असे हा जबाब लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांनी मला समजावले. ते माझ्या भल्याचे बोलले. पण ती लिहावी. पाना माझ्या हातात होता. बोळा काढायला मिनिटही लागत नाही. ठरावाचे नाव निघाले आणि मी पाना पेटीत ठेवला. कप टाकला तरी ती शिसारी गेलेली नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शनिवारचा भाग मी दोनदा वाचून घेतला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, त्यातले काही कमी करू नये.

सही : न. यो. साळवे