चपला दाराबाहेरच

हॅलो?… हॅलो… हां आई, जय भीम. सापडला!… हो हो, सापडला उज्ज्वल. माझ्यासमोर बसलाय… अहो खरंच. खोटं कशाला सांगू?… नाही, कुठं लागलं नाही, खरचटलं नाही, काहीच नाही. बेडवर बसून कार्टून बघून राहिला. थांबा, ऐकवते. उज्ज्वल, आजी आहे. बोल ना रे…

ऐकलं? ‘हाय आजी’ म्हणाला. त्याच्यापुढं नाही बोलणार तो, कार्टून चालू आहे… झालं समाधान? आता आधी पाणी प्या. बाबांनाही सांगा, बसा म्हणावं खाली.

…अहो, फोन कसा उचलणार? फोन रूममध्येच पडला होता. मी छोटीला कडेवर घेऊन सगळं हॉटेल पालथं घालून राहिले होते… एकेचाळीस? एकेचाळीस मिस्ड कॉल तुमच्या एकटीचे? बाप्पा!… नाही नाही, हसत नाही मी. रडूनच राहिले, पण हसू पण येतंय. काय होतंय मलाच कळत नाही.

…हां, तो व्हॉइस मेसेज. तो तुमच्यासाठी नव्हताच आई. विनय तिकडं रिफा गावाला होता, एका बंगल्याच्या गच्चीवर, ड्यूटीवर. मी रिसेप्शनवरून त्याला फोन केला, उज्ज्वल सापडत नाही म्हणून. तर तुमचे चिरंजीव घाबरले, कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज टाकला घरच्या ग्रुपवर! नागपूरला कळलं, अमरावतीला कळलं, इथं मनामात कुणाला पत्ता नाही… येतोय तो. रस्त्यात आहे. सापडला हे सांगितलं त्याला.

…अहो सोमवारीच नाही का सांगितलं? हमद टाउनच्या फ्लॅटचा एसी बंद पडला. बाहेर सेहेचाळीस डिग्री. छोटीच्या अंगावर घामोळ्यांचं पीक आलं होतं. घरमालक रोज म्हणतो ‘बुकरा, इंशाल्ला’. म्हणजे उद्या. त्याचा उद्या काही उगवत नाही. अन् विनय सगळ्या बहरीनचे एसी दुरुस्त करत फिरतो, स्वतःच्या घरचा पार्ट मात्र मिळत नाही… हसा, हसा. म्हणून हे हॉटेल. तीन दिवस.

…सांगते ना, तेच सांगून राहिले. जेवणं झाली होती. मी छोटीचं डायपर बदलत होते. इथं लिफ्टजवळ बर्फाचं मशीन आहे. बटण दाबलं की बर्फ पडतो धडाधडा. आल्यापासून उज्ज्वलला त्याचंच वेड. घेतली बादली अन् गेला. दार आपोआप लागतं इथलं… दोन मिनिटं हो आई, फक्त दोन मिनिटं. मी बाहेर आले तर बादली तिथं जमिनीवर, बर्फ सांडलेला, अन् पोट्टा नाही.

लिफ्ट. लिफ्टचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला. अन् ते लागलं.

…मी? मी आधी पूलवर पळाले. गच्चीवर स्विमिंग पूल आहे ना, सकाळपासून त्याची पूल, पूल अशी भुणभुण चालली होती. मी उद्या म्हटलं होतं. वर गेले, कुणी नाही. आई, ते निळं पाणी बघताना माझं काय झालं असेल… मी पाण्याच्या तळाला बघत होते. एक लाल टॉवेल पडला होता आत. मला वाटलं… नाही. नाही सांगत. जाऊ द्या.

हो, आई. हो. रडत नाही.

…नाही, तिथं नव्हताच तो. पूलवर गेलाच नाही शहाणा. मग रिसेप्शन. ते म्हणाले, कॅमेरा बघतो, मॅडम, प्लीज सिट. मी काय बसते? छोटीला घेऊन जिन्यानं निघाले मी. एकेक मजला. उज्ज्वल, उज्ज्वल. प्रत्येक मजला सारखाच हो! तोच गालिचा, तीच दारं, तेच दिवे. मोठं माणूस चुकेल तिथं.

…रूम नंबर माहीत होता त्याला. पाठ करून घेतला होता, सहाशे बारा. पण पाच वर्षांचा आहे तो, घाबरल्यावर काय आठवतं? अन् त्याला नंबरची गरजच कधी पडली नाही. तो दार कशावरून ओळखतो, माहितीये?… सांगते. रागवू नका पण. आधी कबूल करा, रागावणार नाही.

सकाळी रिसेप्शनवरून फोन आला होता. मॅडम, दाराबाहेर चपला आहेत, आत घ्या. व्हॅक्यूम करायला अडचण होते म्हणे. मी बघितलं तर उज्ज्वलनं सगळ्यांच्या चपला बाहेर रांगेत लावलेल्या. माझ्या, विनयच्या, छोटीचे ते चिमणे बूट पण. तुम्ही शिकवलं तसंच. डिसेंबरात तुम्ही इथं होत्या तेव्हा रोज घोकून घेत होत्या ना, आधी चपला बाहेर, मग घर. अन् तोंड बाहेरच्या बाजूला… हो, तेच.

मला लाजच वाटली. इंजिनियर लोकं राहतात हो इथं, आपल्याला काय म्हणतील? मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, हे काय आजीचं घर आहे? अन् सगळ्या आत घेतल्या… हो. मीच घेतल्या.

आई, तो परत आला होता. लिफ्टनं बरोबर सहाव्या मजल्यावर आला होता पोट्टा. आपल्या दारासमोरून गेला. मी तेव्हा वर पूलवर. दाराबाहेर चपला नाहीत, म्हणजे आपलं घर नाही, असं समजून पुढं गेला. आत्ता मला सांगतो, ‘मम्मा, आय केम, बट आवर चप्पल्स वर नॉट देअर.’

…ऐकून राहिल्या ना? हॅलो?… हां. मला वाटलं फोन कटला.

मग परत लिफ्टमध्ये. नवव्या मजल्यावर उतरला. तिथं एका दाराबाहेर दहा-बारा चपला. सौदीचं एक कुटुंब आहे, दम्मामचं. शुक्रवारी समुद्रावरच्या पुलावरून गाडीनं येतात बहरीनला, लेकराबाळांसकट. त्यांचंही आपल्यासारखंच, चपला बाहेर. यानं काय करावं? दार वाजवलं. त्यांची आजी आहे, खदिजा नाव. तिनं दार उघडलं, बघते तर एक काळंसावळं पोट्टं, डोळ्यांत पाणी, पण वाकून सँडलचे पट्टे सोडून राहिलं! आधी सँडल काढली, रांगेत लावली, मगच आत गेला. तिनंच सांगितलं मला. हातवारे करून करून सांगत होती. तिला हिंदी येत नाही, मला अरबी मफी, म्हणजे नाहीच.

…कसा सापडला मला? तेच तर. मी नवव्या मजल्यावर पोचले. लांबून दिसल्या चपला. काळ्या, सोनेरी पट्ट्यांच्या, मोठमोठ्या. अन् शेवटी दोन निळ्या, छोट्या. तुम्ही सीताबर्डीवरून घेतलेल्या. एकीचा पट्टा तुटला तर तुम्ही हातानं पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता ना? तो पांढरा दोरा दिसला मला. अन् तोंड बरोबर बाहेरच्या बाजूला.

मी तिथंच खाली बसले आई. बसूनच दार वाजवलं.

…आत? आत साहेब खाली बसून सगळ्यांच्या मध्ये भात-चिकन हाणून राहिले होते. हातानं! माझ्याकडे हट्टानं चमचा मागतो. ती आजी रिसेप्शनला फोन लावून लावून थकली, रिसेप्शन आमच्या रूमला लावून राहिलं, अन् रूममध्ये मी नाही. तिनं मला धरलं अन् पाठीवरून हात फिरवत राहिली. खलास, खलास म्हणत होती. झालं, संपलं… मी खूप रडले तिच्या खांद्यावर. तुमचीच आठवण आली.

डबाभर खजूर दिलाय तिनं बरोबर. रिकामा डबा कसा परत देऊ? तुम्ही पाठवलेला चिवडा आणलाय इथं, तोच भरून देते… तिखट आहे? खातील हो. नाही तर पाणी पितील.

…आई, एक बोलायचं होतं. डिसेंबरात मी तुम्हाला बोलले होते, शेजारचे बघतात, दारात चपलांचा बाजार मांडू नका. तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाही. तेव्हा मी माफी मागितली नव्हती… नाही, राहू द्या कसं? चुकलं माझं.

…आई?… आई, तुम्ही काहून रडता आता? सापडला ना तुमचा नातू. तुमच्यामुळंच सापडला.

…हां, येताल ना डिसेंबरात? या. तिकीट विनय काढेल. एसी तोवर… इंशाल्ला!

थांबा हं, रूमचा फोन वाजतोय. ठेवू नका, एक मिनिट…

यस?… यस, सहाशे बारा… हां भैया, मालूम है. हमनेही रखा है… नहीं, अंदर नहीं लेंगे. व्हॅक्यूम बाजू से घुमाओ… नहीं भैया. जब तक हम हैं, चप्पल बाहर ही रहेगी.

…हां आई. ऐकलं तुम्ही?… हसू नका, खरंच ठेवल्यात बाहेर. चौघांच्याही. विनयच्या घरच्या चपला पण, तो अजून यायचाय तरी… हो, हो, तोंड बाहेरच्याच बाजूला.

ठेवते आता. लिफ्ट वाजली, आला वाटतं. जय भीम.