एआयचं जेवण

एआयनं कामं झटपट होतात, हे मला सांगू नका. उदगीरच्या आमच्या दालमिलमध्ये प्रिंटर बंद पडला. गेटपास निघेना, त्यामुळं भरलेले ट्रक फाटकातच अडकले. ऑफिसच्या चॅटवर अशा तक्रारींसाठी एआय ठेवलाय. आमचे जुने कारकून बापूरावकाका त्याला विचारायला बसले. त्यांनी आधी रीतीप्रमाणं लिहिलं, "रामराम. जेवण झालं का?"

उत्तर आलं, "मी जेवत नाही. काय मदत करू?"

काकांनी लिहिलं, "काही न्हाई. आराम करा."

मी म्हणलं, "काका, प्रिंटरचं काय?"

"उपास हाय त्याचा. उपाशीपोटी कामाला लावायचं का?"

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मी वैतागून म्हणलं, "अहो, तो कधीच जेवत न्हाई."

काकांनी चष्मा काढला. "कधीच न्हाई? मग प्रिंटर राहू दे. आधी त्याला उपाशी ठेवणाऱ्या मालकाला फोन लाव."