मॅटवर यायच्या आधी

ताई : तिथेच थांबा! चपला घालून मॅटवर यायचं नाही.

नवी बाई : सॉरी हं. पहिलाच दिवस आहे माझा.

ताई : ते दिसतंय. त्या रॅकवर ठेवा. अंगठी, कानातलं, सगळं काढा. नखं बघू? हे घ्या नेलकटर.

नवी बाई : आत्ता? इथेच?

ताई : आत्ताच. जोडीदाराला ओरखडा उठला तर तो तुमच्या नखाचा नको.

नवी बाई : ओरखडे उठतात? मानेवरसुद्धा?

ताई : कधीकधी. का हो?

नवी बाई : सहज. ज्यूदो बायका-पुरुष एकत्रच शिकतात का इथे?

ताई : एकत्रच. तुम्हाला नको असेल तर स्पष्ट सांगायचं, मी बाईच जोडीदार देते.

नवी बाई : आणि ती केस मोकळे सोडलेली मुलगी? ती कुणाबरोबर असते?

ताई : केस बांध म्हणून तिला रोज सांगते. बाई, तुम्ही शिकायला आलात की पंचनामा करायला?

नवी बाई : म्हणजे?

ताई : आल्यापासून डोळे दाराकडे. फॉर्मवर फोन नंबर अर्धवट. मागे पलीकडच्या क्लासवाल्यानं एक जण पाठवला होता, माझी मुलं फोडायला. त्याचीही नजर अशीच भिरभिरत होती.

नवी बाई : मला कुणी पाठवलेलं नाही.

ताई : मग मोबाइल असा उभा का धरलाय? न विचारता इथे कुणाचे फोटो काढायचे नाहीत.

नवी बाई : काढले नाहीत. एक दाखवायचाय फक्त. हा माणूस इथे येतो का?

ताई : हा तर आमचा चष्मेवाला! हा फोटो घरातला दिसतोय. तुम्ही कोण यांच्या?

नवी बाई : बायको.

ताई : अस्सं.

नवी बाई : आठ महिने झाले. मंगळवार-शुक्रवार चष्म्याचं दुकान माझ्यावर टाकून काचा आणायला जातात. पिशवीत काचा एवढ्याशा, आणि येतात ते अंघोळ करून! शर्टाला लांब केस, मानेवर लाल वळ. गेल्या शुक्रवारी मी मागोमाग आले, तर हे या जिन्यात शिरले. खरं सांगा ताई, कोण आहे ती?

ताई : एक असेल तर सांगू ना! इथे सगळेच त्यांना लोळवतात. आठ महिन्यांत एकदाही जिंकलेले नाहीत.

नवी बाई : चेष्टा करू नका.

ताई : चेष्टा नाही. कॉलर धरून खेचली की तसा वळ उठतो. पहिल्या दिवशी मी कॉलरला नुसता हात लावला, तर त्यांचे डोळे भरून आले. का, ते मी विचारलं नाही. कोण कशासाठी आलं, ते आम्ही विचारत नाही.

नवी बाई : दुकानात एका गिऱ्हाइकानं त्यांची कॉलर धरली होती. फ्रेम वाकडी निघाली म्हणून. गदागदा हलवलं त्यानं, आणि हे नुसते उभे.

ताई : आणि तुम्ही?

नवी बाई : मी सोडवलं. तो गेल्यावर हसले मात्र. म्हटलं, फ्रेमा अडकवायला पुतळा विकत आणायला नको आता.

ताई : हं.

नवी बाई : मी विसरूनही गेले होते. निघते मी. आले होते म्हणून सांगू नका.

ताई : आता कुठून? जिन्यात पाय त्यांचाच वाजतोय.

(चष्मेवाला दारात येऊन थबकतो.)

चष्मेवाला : तू? आणि दुकान?

नवी बाई : बंद करून आले.

चष्मेवाला : तुला कुणी सांगितलं?

नवी बाई : कुणी नाही. गेल्या शुक्रवारी तुमच्या मागे मागे आले होते. मला वाटलं... जाऊ दे, नको ते वाटलं.

चष्मेवाला : ताईंनी सांगितलंच असेल. सगळ्यांकडून हरतो मी.

नवी बाई : सांगितलं.

चष्मेवाला : हस मग.

नवी बाई : नाही हसत.

ताई : दोघं आत या, नाहीतर दोघं बाहेर जा. दार अडवायचं नाही. चष्मेवाले, नव्याला जुन्यानं शिकवायचं असतं. मनगट धरून दाखवा यांना.

चष्मेवाला : मी? हिला?

ताई : मग काय मी?

चष्मेवाला : दे हात. दुखायला लागलं की दोन थापा मारायच्या, मॅटवर नाहीतर माझ्या अंगावर. मी लगेच सोडतो.

नवी बाई : तुम्ही मारता थापा?

चष्मेवाला : मारतो की. दर वेळी दहादा मारतो. समोरचा सोडतो, आणि नंतर कुणी काही बोलत नाही.

नवी बाई : मग आधी मला धरू द्या. तुम्ही थापा मारल्यावर मला सोडता येतं का, बघते.